हुबर्टच्या मानाची सहल

हुबर्ट नेलेस पीत नाही, हे आमच्या केलबाख गावात सगळ्यांना माहीत होतं. का पीत नाही, ते त्याची बायको मार्लीस सोडून कुणालाच माहीत नव्हतं. कारण विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती. 'मला गाडी चालवायचीय' हे एक वाक्य त्यानं अकरा वर्षं ढालीसारखं पुढे धरलं होतं. लग्न असो, मयत असो, अग्निशमन दलाचं वार्षिक जेवण असो, हुबर्ट गाडी घेऊन हजर. मागच्या गल्लीत बारसं होतं तेव्हासुद्धा हा पठ्ठ्या गाडी काढून गेला, लावायला जागा मिळेना म्हणून ती परत स्वतःच्या दारात लावून चालत आला, आणि किल्ली मात्र जेवण संपेपर्यंत हातात धरून बसला. लोक पोट धरून हसले. पण ग्लास कुणी पुढे केला नाही.

त्याआधीचा हुबर्ट शाळेची बस चालवायचा आणि रोज सकाळी बस काढण्यापूर्वी गॅरेजात रंगाच्या डब्यांमागे ठेवलेली बाटली तोंडाला लावायचा. तो कधी रस्त्यात पडला नाही, कुणाशी भांडला नाही. अशी माणसं लवकर पकडली जात नाहीत. एका सकाळी पुढच्या बाकावरची मुलगी त्याला म्हणाली, "काका, आपण मघाशी पलीकडच्या बाजूनं चाललो होतो." त्या वेळी समोरून काही आलं नाही, एवढंच. हुबर्टनं मुलांना शाळेत उतरवलं, बस जागेवर लावली आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगून टाकलं. गावाला सांगितलं ते असं, की कमरेतली चकती सरकलीय, उपचारांसाठी दूर जावं लागतंय. कमरेचं दुखणं आमच्याकडे घरटी एकाला असतं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

दारू सोडवायच्या केंद्रातून तो परत आल्यावर मार्लीसनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हणाली, "आता मी भांडणार नाही, रडणार नाही. एक घोट घेतलास की मी जाईन. पहिलाच आहे, दुसराच आहे, असला हिशेब मी ठेवणार नाही." ती बोलते तसं करते, हे हुबर्टला संसारात पुरेपूर कळलेलं होतं. त्यानं मान डोलावली आणि तेव्हापासून थेंबाला शिवला नाही.

आता क्लबचं सांगतो. 'नऊच्या नऊ' हा चेंडू घरंगळवून नऊ लाकडी बाहुल्या पाडणाऱ्यांचा आमच्या गावातला क्लब. आठ पुरुष, सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. दर गुरुवारी खानावळीच्या तळघरात खेळायचं, आणि सप्टेंबरात मोझेल नदीकाठी एक दिवसाची सहल काढायची. सहल म्हणजे पिणं. किल्ले, चर्च, द्राक्षांचे मळे यांच्याकडे ही मंडळी जाता जाता एक नजर टाकतात, तीही बसायला सावली आहे का ते पाहायला. दरवर्षी मोठी गाडी भाड्यानं आणायची आणि चालवायला हुबर्ट. तो सफरचंदाचा रस पीत बाकीच्यांचं बरळणं ऐकायचा आणि संध्याकाळी एकेकाला त्याच्या त्याच्या दारात उतरवायचा.

आणि मे महिन्यात, एका गुरुवारी, क्लबचा अध्यक्ष रूडिगर बाकावर चढून उभा राहिला. रूडिगरचा छपरं घालायचा धंदा. आवाज असा, की छपरावरून बोलला तरी खालच्या मजल्यावर ऐकू यावा.

"गड्यांनो," तो म्हणाला, "इतकी वर्षं आपण ढोसतो आणि हा बिचारा आपल्याला घरोघर पोचवतो. लाज वाटली पाहिजे आपल्याला! या वर्षी मोटारगाडी नाही. आगगाडी! नदीकाठच्या एकेका गावाला उतरायचं, प्रत्येक गावात एकाच्या नावानं फेरी, म्हणजे त्यानं सगळ्यांना पाजायचं, आणि पहिला ग्लास हुबर्टचा. या वर्षीची सहल हुबर्टच्या मानाची!"

सगळ्यांनी टेबलं बडवली. "हुबर्ट पिणार! हुबर्ट पिणार!"

हुबर्ट हसला. दुसरं काय करणार? जन्मात कुणी त्याच्या मानाचं काही केलं नव्हतं, आणि केलं ते हे.

रूडिगरला प्रेमाचं भरतं आलं होतं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं रूडिगरला पाहिलेलं नाही. पिणाऱ्यांच्या घोळक्यातला न पिणारा माणूस हा साक्षीदार असतो. कोण कुठे ओकला, कोण कुणाच्या बायकोचं नाव घेऊन रडला, सगळं हुबर्टनं पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी घरी सोडताना रूडिगरनं गाडीच्या सीटवर पँट ओली केली होती. हुबर्टनं एक शब्द न बोलता सीट पुसली, स्वतःचा कोट त्याच्या कमरेला गुंडाळला आणि त्याला मागच्या दारानं घरात नेऊन सोडलं. गावात या कानाचं त्या कानाला कळलं नाही. हे उपकार रूडिगरला रोज डोळ्यांत खुपत होते. हुबर्टनं गावभर केलं असतं तर त्यानं कदाचित माफ केलं असतं.

"जाऊ नकोस," मार्लीस म्हणाली.

"माझ्याच मानाची सहल आहे. नाही गेलो तर विचारतील, का नाही आला."

"मग सांग ना का ते."

"गावात? मार्लीस, मी त्यांची पोरं बसमधून नेत होतो. शेजारच्या टोनीचा धाकटा त्याच बसमध्ये होता."

 मार्लीस म्हणाली, "संध्याकाळी स्टेशनवर घ्यायला येते. घोट घेतलेला असेल तर मात्र मी तुला घेणार नाही, एकटी परत जाईन. आत्ताच सांगून ठेवते."

"माहीत आहे मला," हुबर्ट म्हणाला.

सहलीच्या सकाळी रूडिगरनं सगळ्यांना क्लबचे नवे टी-शर्ट वाटले. हुबर्टच्या छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आज मी चालवत नाही'. चामड्याच्या पट्टीला बांधलेला छोटा ग्लास प्रत्येकाच्या गळ्यात. डब्यात शिरल्या शिरल्या गाणी सुरू झाली. कोब्लेन्त्सला गाडी बदलली आणि नदी खिडकीला आली. हुबर्टनं रात्रभर जागून एक थाप जुळवून ठेवली होती.

पहिलं गाव विनिंगन. फेरी पोस्टातल्या एर्विनची. ग्लास भरले गेले तसा हुबर्ट म्हणाला, "माझ्या दाताच्या गोळ्या चालूयत रे. डॉक्टरनं पिऊ नको म्हटलंय."

"कुठल्या डॉक्टरनं?" रूडिगरनं विचारलं.

"आपल्याच. गावातल्या."

"असं? माझी बायको गाबी त्याच्याच दवाखान्यात पुढे बसते, विसरलास काय? परवाच म्हणत होती, हुबर्ट नेलेस वर्षभर फिरकला नाही, सगळे पडले की काय त्याचे!"

हास्याचा असा स्फोट झाला की शेजारच्या टेबलावरचं कुत्रं भुंकायला लागलं. हुबर्टच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं ग्लास ओठाला लावला, ओठ घट्ट मिटून घेतले, आणि सगळे उठायच्या गडबडीत ग्लास टेबलावर ठेवून दिला. बाहेर आल्यावर खिशातल्या रुमालानं तोंड खसखसून पुसलं.

पुढच्या गावात, हात्सेनपोर्टला, सगळे एका मळेवालीच्या अंगणातल्या बाकांवर बसले होते. गरम गरम कांद्याचा केक आला. हुबर्टनं सांगितलं, पोटात मळमळतंय, वाईन नको. सांगितलं, आणि भुकेच्या तडाख्यात केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले. सकाळपासून काळजीनं काही गिळलं नव्हतं बिचाऱ्यानं. "मळमळ बरीच भुकेली दिसते," कुणीतरी म्हणालं. मग त्याच्यासमोर ग्लास आला, आणि त्याला वाटलं कुणाचं लक्ष नाही. त्यानं तो शेजारच्या जिरेनियमच्या कुंडीत उपडा केला.

मळेवाली दारातच उभी होती. सत्तरीची, हात मनगटापर्यंत द्राक्षांनी काळपट झालेले.

"ओ साहेब! माझ्या सासऱ्यानं लावलेल्या वेलीची आहे ती. आवडली नाही तर तोंडावर सांगा. कुंडीत कशाला ओतता?"

"माफ करा बाई, चुकून..."

"चुकून? चांगला वाकून ओतलात की!"

रूडिगर उठला आणि क्लबच्या वतीनं तिची हात जोडून माफी मागितली. "आमचा हा माणूस जरा वरच्या दर्जाचा आहे, बाई. आमच्यासारख्यांबरोबर पिणं त्याला झेपत नाही." मग हुबर्टकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुझ्यासाठी म्हणून गाडी सोडली आम्ही. तुझ्यासाठी. आणि तू आमची फेरी फुलझाडांना घालतोस?"

आमच्याकडे एखाद्याच्या नावची फेरी नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. ही फेरी सुतार योसेफची होती. योसेफ गरीब माणूस, त्याला खरंच लागलं. तो मान फिरवून बसला आणि पुढच्या गाडीत हुबर्टशेजारची जागा रिकामी असून उभा राहिला.

कोखेमला हुबर्टनं सरळ "नको" म्हटलं. कारण दिलं नाही. मग कुणी आग्रहही केला नाही. सातजण आपसात बोलत राहिले, ग्लास त्याच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात राहिले. फोटो काढताना रूडिगरनं त्यालाच फोन दिला, "तू काढ, तू शुद्धीत आहेस." फोटोत सगळे खांद्यावर हात टाकून उभे, मागे किल्ला. अकरा वर्षं याच माणसांना त्यानं काखोटीला मारून जिने चढवले होते, आणि त्यांनी अर्ध्या दिवसात त्याला परका करून टाकला. मला विचाराल तर त्यानं तिथेच फोन टेबलावर आपटून परतीची गाडी पकडायला हवी होती. पण माणसाला एकटं पडण्याची जी भीती असते, ती दारूपेक्षा वाईट.

कोखेमहून गाडी सुटली की लगेच लांबलचक बोगदा लागतो. खिडक्या काळ्या झाल्या. बाकीचे पुढे गात होते. हुबर्टजवळ टोनी येऊन बसला. टोनी त्याचा शाळेपासूनचा मित्र, दोघांची लग्नं एका वर्षातली, बागांना कुंपण एकच.

"काय झालंय तुला?" टोनीनं विचारलं. "लोक काय काय बोलायला लागलेत."

हुबर्टचा बांध फुटला. त्यानं सगळं सांगितलं. गॅरेज, बाटली, बस, ती मुलगी, कमरेची खोटी चकती. "आणि मार्लीस, टोनी... एक घोट, आणि ती जाणार. खरंच जाणार. त्यांना आवर एवढं. कारण सांगू नकोस, फक्त आवर."

 टोनी म्हणाला, "माझा पोरगा त्या बसमध्ये होता."

"हो."

"रोज?"

"रोज."

बोगदा संपला, उजेड आला, आणि टोनीनं डोळे बारीक करून बाहेर पाहिलं. "बघतो मी काय ते," तो म्हणाला, आणि उठून पुढे रूडिगरकडे गेला. दोघं दाराजवळ उभे राहून बोलत होते. रूडिगरनं एकदा मागे वळून हुबर्टकडे पाहिलं आणि समजूतदारपणे मान हलवली. हुबर्टच्या जिवात जीव आला. सकाळपासून पहिल्यांदा तो पाठ टेकून बसला.

नेफला उतरले. शेवटची फेरी, रूडिगरची. दारावर वाईन मिळण्याची खूण म्हणून पानांचा झुपका टांगलेलं एका मळेवाल्याचं घर, आत फरशीचं अंगण. द्राक्षांची तोडणी नुकतीच सुरू झालेली. अशा दिवसांत प्रत्येक घरी दोन काचेचे जग भरलेले असतात. एकात पोरांसाठी ताजा रस, दुसऱ्यात फेडरवायसर, म्हणजे अर्धवट आंबलेला तोच रस. रंग तोच, गढूळ पिवळा. गोडी जवळजवळ तीच. आमच्याकडची माणसं शपथेवर सांगतात, की ही काही दारू नव्हे, अजून वाईन व्हायचीय ती. आणि तेच सांगत सांगत दोन तासांत टेबलाखाली जातात.

"हुबर्टला त्रास द्यायचा नाही आता!" रूडिगरनं जाहीर केलं. "हुबर्ट रस पिणार. मी स्वतः आणतो. टोनी, ट्रे धरायला चल."

दोघं आत गेले आणि ट्रे घेऊन बाहेर आले. रूडिगरनं एक ग्लास उचलून हुबर्टच्या हातात दिला, एवढ्या प्रेमानं, की योसेफसुद्धा विरघळला आणि त्यानं आपला ग्लास पुढे केला. "झालं गेलं विसर, हुबर्ट."

हुबर्टला गहिवरून आलं. त्यानं एकेकाच्या डोळ्यांत बघत ग्लासाला ग्लास लावला, रीतीप्रमाणे. टोनीचा ग्लास लागला, पण टोनीनं डोळे वर केले नाहीत.

त्यानं मोठा घोट घेतला. गोड. थंड. आणि मग जिभेच्या टोकाला बारीक टोचणी, खमिराचा वास नाकात.

त्याला कळलं. त्या क्षणी कळलं. घोट अजून तोंडातच होता. वाकायचं आणि फरशीवर थुंकायचं, एवढंच करायचं होतं. त्यानं टोनीकडे पाहिलं. टोनी बुटाची नाडी बघत होता. त्यानं रूडिगरकडे पाहिलं. रूडिगर त्याच्याकडेच बघत होता, तोंड किंचित उघडं, पोरं सापळ्यात उंदीर शिरताना बघतात तसा. अंगणात कुणी हलत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. रूडिगरनं आतून येता येता सांगितलं होतं सगळ्यांना. योसेफ तेवढा राहिला होता की काय, कोण जाणे.

हुबर्टनं गिळलं.

फसवलं गेल्यामुळे गिळलं असं मी म्हणणार नाही. दिवसभर तो थकला होता, अपमानानं सोलून निघाला होता, हे सगळं खरं. पण त्या घशाला अकरा वर्षं जे हवं होतं, ते दारात येऊन उभं होतं आणि या वेळी दोष दुसऱ्याच्या माथ्यावर होता. त्यानं उरलेला ग्लास एका दमात संपवला, हात पुढे केला आणि म्हणाला, "आणखी एक."

काय आरडाओरडा झाला! त्याला खांद्यांवर उचलून अंगणभर नाचवलं. आणि पुढचे दोन तास हुबर्टनं ते अंगण डोक्यावर घेतलं. बसमधल्या पोरांच्या नकला केल्या, पाद्रीबाबांची नक्कल केली, टेबलावर उभं राहून गायला. गळा गोड होता त्याचा, कुणाला ठाऊकच नव्हतं. योसेफ त्याला मिठी मारून रडला. इतकी वर्षं हा माणूस कुठं लपवून ठेवला होतास, असं जो तो विचारत होता. हुबर्ट सुखात होता, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत वाईट वाटतं ते याचं.

परतीच्या गाडीत रूडिगर त्याच्या कानाशी लागला. "आता सारखे झालो आपण, लेका." हुबर्ट मोठ्यानं हसला. त्याला अर्थ कळला नव्हता.

केलबाखचं स्टेशन गावाबाहेर आहे. संध्याकाळचं पिवळं ऊन पडलं होतं, अंगणात गाड्या आणि बायका उभ्या. मार्लीस आपल्या गाडीला टेकून उभी होती. हुबर्ट दोघांच्या आधारानं पायऱ्या उतरला. तिनं त्याला पाहिलं आणि ती जागची हलली नाही.

"मार्लीस!" रूडिगर ओरडला. "पुरुष करून आणलाय आम्ही तुझ्या नवऱ्याला!"

सगळे हसले. तिच्या चेहऱ्याकडे बघून हळूहळू थांबले. मग योसेफला काय वाटलं कोण जाणे, तो पुढे झाला. "वहिनी, त्याला रागावू नका. त्याचा काही दोष नाही. रस म्हणून दिला होता त्याला, फसवून. त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं."

मार्लीसच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. ती हुबर्टच्या अगदी जवळ आली. वास तर येतच होता. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"हुबर्ट, माझ्याकडे बघ. तुला कळलं नव्हतं ना?"

तिला 'नाही' ऐकायचं होतं. ती 'नाही' घेऊन त्याला घरी नेणार होती, अंघोळ घालणार होती, उद्या डॉक्टरांना फोन करणार होती. नशेतसुद्धा हुबर्टला हे दिसलं. एक शब्द बोलायचा होता. पण या बाईशी तो त्या बसच्या सकाळपासून खोटं बोलला नव्हता.

"पहिल्या घोटालाच कळलं होतं," तो म्हणाला. "तोंडातच होता तो."

तिनं हात काढून घेतले. रडली नाही, भांडली नाही. गाडीत बसली आणि निघून गेली. हुबर्ट तिथेच उभा, छातीवर ती अक्षरं.

मग सगळ्यांना एकदम घाई झाली. रूडिगरची गाबी हॉर्न वाजवत होती. एर्विनच्या गाडीत सासूबाई होत्या. टोनीची वाट तर हुबर्टच्या दारावरूनच जाते, तो म्हणाला, "मागच्या सीटवर बटाट्याची पोती आहेत रे." हुबर्ट चालत घरी गेला, म्हणजे निघाला. सकाळी तो पेट्रोलपंपामागच्या गवतात सापडला.

मार्लीस आता बहिणीकडे कोब्लेन्त्सला असते. हुबर्टनं दोनदा उपचार घेतले आणि दोनदा सोडले. गुरुवारी मात्र तो न चुकता तळघरात यायचा, आधीच पिऊन. चेंडू भलतीकडे फेकायचा, मध्येच गायला लागायचा. पहिल्यांदा बाकीचे हसले, मग कंटाळले. फेब्रुवारीत रूडिगरनं विषय काढला, हुबर्टच्या समोरच.

"गड्यांनो, मलाही वाईट वाटतंय. पण हा फार पितो. अशा माणसामुळे क्लबचं नाव जातं. बायकाही तक्रार करायला लागल्यात. काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. योसेफनं केला नाही. हुबर्टनं सगळीकडे पाहून शेवटी टोनीकडे पाहिलं. टोनीनं जरा वेळ घेतला, ग्लास खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि मग हात वर केला.